गहू न शिवलेली एक गिरणी हवी

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका यांस,
स. न.

आषाढीच्या आधी आमच्या वर्तकनगरातल्या गिरणीवर खडूने लिहिलेली पाटी लागते, 'उपवासाचे दळण बुधवारी'. त्या दिवशी गिरणी झाडून-पुसून घेतात. कुणाच्या राजगिऱ्यात गव्हाचा कण जाऊ नये म्हणून गिरणीवाले काका डोळ्यांत तेल घालून बसतात. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला असा उपवास रोज आहे, जन्मभर. तिला सिलिअॅक हा आजार आहे.

दोन वर्षं आम्ही तिला लोहाची औषधं पाजत होतो. उंची थांबलेली, पोट सतत फुगलेलं. 'पोरीला नीट भरवत नाहीस' म्हणून नातेवाइकांनी मलाच धारेवर धरलं. शेवटी टीटीजी ही रक्ततपासणी आणि मग बायोप्सी झाली. गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याला इजा करते. (तपासणीआधी मी गहू बंद केला नव्हता हे नशीब, केला असता तर चाचणी फसवी आली असती.) यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

भाकरी तर आपल्या घरचीच, त्यात काय अवघड, असं मलाही वाटलं. सहा महिने पथ्य पाळूनही टीटीजीचा आकडा जवळपास तेवढाच, म्हणजे चढलेलाच! आधी डबीतला हिंग सापडला. त्यात गव्हाचं पीठ होतं. मग लक्षात आलं, आमची ज्वारी ज्या दगडातून निघते त्यातून पाच मिनिटांपूर्वी शेजाऱ्यांचा गहू गेलेला असतो. 'ग्लुटेनमुक्त' पाकिटात किलोमागे फार तर २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं, असा देशाचा नियम आहे. गिरणीतल्या पिठाला कोण मोजतंय?

आम्ही हप्त्यांवर घरघंटी घेतली. रक्ततपासणीच्या रांगेत भेटलेल्या कळव्याच्या ताईंना ती परवडत नाही. त्या ज्वारी मिक्सरवर दळतात, पीठ जाडसर राहतं, भाकरी थापताना तुटते.

मागणी एकच. प्रत्येक प्रभाग समितीत एका महिला बचत गटाला मंडईतला गाळा द्या आणि गहू कधीच न दळणारी गिरणी चालवू द्या. उपवासवाली गिऱ्हाइकं बारा महिने येतील, गटाचं नुकसान होणार नाही. थालिपिठाची भाजणी मात्र तिथे घेता यायची नाही. तिच्यातही गहू असतो, हे पाटीवर आधीच लिहावं लागेल.

आपली,
एक आई, वर्तकनगर, ठाणे