दोन दिवसात पुण्यात खायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

दोन दिवस पुण्याला आलेले पाहुणे मॉलमध्ये पिझ्झा खाऊन परत जातात याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितेय. सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खा, जराशी गोडसर असते आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, लाइन असते पण थांबा, उशीर केला तर संपते. दुसऱ्या दिवशी डेक्कनला गुडलकमध्ये बनमस्का आणि इराणी चहा, १९३५ पासूनचं हॉटेल आहे ते. रात्री निंबाळकर तालीम चौकात सुजाताची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेला घट्ट मिल्कशेक, पोटात जागा ठेवूनच जा. तुमच्या रविवारच्या पुरवणीत पेठांमधल्या अशा जुन्या जागांचा नकाशा छापा ना प्लीज.

- एक वाचक, सदाशिव पेठ