खुलासा देण्याआधी

प्रिय वसू,

हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच ‘अगं पण’ म्हणतेस आणि मग आपण भलतीकडेच जातो. म्हणून कागद घेतला. घरी सगळे बरे. माझी शुगर गोळ्यांवर ठीक आहे, ह्यांचा खांदा तसाच दुखतो. तब्येतीचं एवढंच.

मला खुलासा मागितलाय. ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाशिवाय रुग्णास इंजेक्शन दिल्याबाबत’ असा विषय आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझ्या नावाचं असलं पत्र आलं, आणि ते वाचताना मला दुसरं कुणी नाही, तूच आठवलीस. का ते तुला माहीत आहे. त्या रात्री लेबर रूममध्ये तू आणि मी दोघीच होतो. ‘डॉक्टरांना कळवलंय’ एवढंच आपण रक्त जाणाऱ्या त्या बाळंतिणीच्या सासूला सांगत राहिलो होतो.

आता इथलं सांगते. दुसरं बाळंतपण, बाळ छान रडलं, गर्भाशय आवळायला पिटोसिनचे १० युनिट वेळेवर गेलेले, वार पूर्ण पडली, मी दिव्याखाली धरून पाहिली. ट्रेनिंगला मिळालेल्या, रक्त मोजायच्या खुणांच्या पिशव्यांतली एक तिच्या खाली लावली होती. पिशवी भरायला लागली ती थांबेना. रक्त ३०० मिलीच्या रेघेला टेकलं आणि नाडी १२० च्या वर गेली. पोट दाबलं तर गर्भाशय हाताला लागतच नव्हतं, इतकं मऊ. आमचे डॉक्टर, एमओ साहेब, कॅज्युअल्टीत, मोटरसायकलच्या अपघातातला मुलगा आलेला, त्याच्या छातीत नळी घालत होते. त्यांना हात सोडून येणं शक्य नव्हतं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात तीळभर राग नाही. शकूमावशी धावत जाऊन सांगून आली. ते म्हणाले, ‘आलोच’.

मी थांबले नाही, वसू. मसाज चालू ठेवला, ज्युनिअर सिस्टर प्रणालीला दुसरी लाइन लावायला सांगितली, पिटोसिनची ड्रिप सुरू केली आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्साचा एक ग्रॅम हळूहळू, दहा मिनिटांत सोडला. मूत्राशय रिकामं केलं, आत फाटलंय का ते पाहिलं. साहेब आले तोवर गर्भाशय आवळलेलं होतं आणि रक्त थेंबावर आलेलं. ‘बरं केलंत सिस्टर’ म्हणाले, केसपेपरवर ऑर्डर लिहिली आणि परत पळाले. बाई चालत घरी गेली. तिच्या आईनं जाताना मला पेढा दिला, शुगर असूनही मी तो खाल्ला.

मग औषधांच्या रजिस्टरची तपासणी झाली. माझी इंजेक्शन दिल्याची वेळ आधीची, साहेबांच्या ऑर्डरची वेळ नंतरची. एवढ्यावरून हे सगळं.

आता माझी खरी अडचण ऐक. ऑफिसमधल्या एका भल्या माणसानं सुचवलं, ‘सिस्टर, रजिस्टरात वेळ ऑर्डरच्या पुढची करा, विषय संपला.’ चांगल्या मनानं म्हणाला तो. साहेबही हवं तर मागची वेळ टाकून सही द्यायला तयार आहेत. मला दोन्ही नको. ती वेळ खरी आहे, आणि त्या रात्री जे काही घडलं ते त्या वेळेमुळेच घडलं. तीच खोडली तर मी काय केलं याचा पुरावाच उरत नाही.

तू वर्गात शिकवतेस म्हणून तुझ्याशी मोकळं बोलते. ट्रॅनेक्सावरच्या मोठ्या अभ्यासांतला सगळा डेटा एकत्र करून २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो पेपर आला, त्यात अपघाताचे आणि बाळंतपणाचे मिळून ४०,१३८ रुग्ण होते. दर पंधरा मिनिटांच्या उशिराला औषधाचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो, आणि तीन तासांनंतर काही फायदा उरत नाही. पंधरा मिनिटं! आपल्याकडे कॅज्युअल्टीपासून लेबर रूमपर्यंत निरोप जाऊन माणूस यायला तेवढी सहज लागतात. म्हणजे मी ऑर्डरची वाट पाहिली असती तर औषध तेच, बाई तीच, पण त्यातली ताकद कमी झालेली. हे खुलाशात कसं लिहू सांग. सरकारी भाषेत मला हे नीट मांडता येत नाही, आणि तू तर ट्रेनिंगला सगळ्यांचे रजेचे अर्ज लिहून द्यायचीस. माझ्या मावशीला त्यात दोनदा वारायला लावलं होतंस!

आणि ती पिशवी. तुझ्या बेळगावची, वसू! कुंदा आणि मांडे यांच्याबद्दल तू आम्हाला इतकी वर्षं ऐकवलंस, पण हे कधी सांगितलं नाहीस. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या लोकांबरोबर मिळून रक्त मोजायची पिशवी बनवली आणि २००६ साली छापून दाखवलं की, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजात रक्त सुमारे एक तृतीयांशानं कमी धरलं जातं. चादरीत मुरलेलं, कापसात गेलेलं, गर्भजलात मिसळलेलं, ते डोळ्याला दिसत नाही. आपल्या त्या बाईच्या केसपेपरवर काय लिहिलं होतं आठवतं? ‘रक्तस्राव मध्यम.’ माझ्या डोळ्यांसमोरून तो शब्द जात नाही. तेव्हा आपल्यापैकी कुणाकडेच मोजायला काही नव्हतं.

त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतला मिसोप्रोस्टचा, म्हणजे गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्यांचा, अभ्यासही आला होता, १,६२० बायकांचा. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. आणि गोळ्या दिल्या कुणी? एएनएम ताईंनी, गावातल्या नर्सबाईंनी. हे माझ्या खुलाशातलं सगळ्यात वजनदार वाक्य असणार आहे. तिथे कुणी डॉक्टर उशाशी उभा नव्हता. तुमच्या लायब्ररीतून दोन्ही पेपरांच्या झेरॉक्स काढून पाठव, पैसे आल्यावर देते. (नाही देणार, मिसळ घालीन.)

नंतर आफ्रिकेतला मोठा अभ्यास. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया, ८० हॉस्पिटलं, २,१०,१३२ बाळंतपणं. २०२३ च्या मेमध्ये निकाल आला. अर्ध्या हॉस्पिटलांत नेहमीचंच काम. अर्ध्यांत खुणांची पिशवी आणि रक्त वाढलं की सगळं एकदम: मसाज, पिटोसिन, ट्रॅनेक्सा, सलाइन, तपासणी. आपण शिकलो ते कसं होतं? एक दे, थांब, बघ, मग पुढचं. जीवघेणा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ किंवा मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या हॉस्पिटलांत ४.३ टक्के आणि या हॉस्पिटलांत १.६ टक्के! रक्तस्राव वेळेत लक्षात येण्याचं प्रमाण निम्म्यावरून ९३ टक्क्यांवर गेलं. नवं औषध एकही नव्हतं त्यात. सगळी औषधं आपल्या ट्रॉलीवर होती तीच. आणि सुरुवात करणाऱ्या बहुतेक जणी सुईणी आणि नर्स होत्या. हे वाचलं तेव्हा मी किचनमध्ये उभी होते, दूध उतू गेलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं केपटाऊनच्या परिषदेत नवी मार्गदर्शक सूचनाही काढली: ५०० मिलीची वाट पाहू नका, ३०० मिली झालं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं की कामाला लागा. माझ्या त्या बाईचं अगदी हेच होतं. ३०० आणि नाडी. मी मनानं काही केलं नाही ग.

त्या जपानी बाईंबद्दल तुला सांगितलं होतं का? डॉ. उताको ओकामोटो. नवऱ्याबरोबर त्यांनीच ट्रॅनेक्सा शोधलं, १९६२ मध्ये. लेक लहान होती तेव्हा तिला पाठीला बांधून लॅबमध्ये काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ते वापरून बघा म्हणून त्यांनी कोबेतल्या डॉक्टरांच्या विनवण्या केल्या, कुणी ऐकलं नाही. औषध दात काढताना वापरलं गेलं, जास्त पाळीसाठी वापरलं गेलं, पण बाळंतिणीपर्यंत पोचायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. २१ देशांतल्या २०,०६० बायकांवरचा अभ्यास एप्रिल २०१७ मध्ये छापून आला: पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्सा मिळालेल्या बायकांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ वर आले. ओकामोटोबाई आदल्या वर्षी एप्रिलमध्येच गेल्या, ९८ व्या वर्षी. मला त्या फार जवळच्या वाटतात. का कोण जाणे, त्यांचा चेहरा मी माई सिस्टरांसारखा धरलाय. माई सिस्टर, पिटोसिनच्या फ्रीजमध्ये तुझा आमरसाचा डबा सापडला तेव्हाच्या!

तू आता म्हणशील, नियम असतात ते कारणानं असतात. तेव्हाही हेच म्हणाली होतीस, होस्टेलच्या गच्चीवर, आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. वसू, मी नियमाच्या विरोधात नाही. उद्या कुणी अर्धवट शिकलेली मुलगी मनाला येईल ते टोचत सुटली तर मीच तिचा हात धरीन. म्हणूनच मला नियम हवाय. लेबर रूमच्या भिंतीवर साहेबांच्या सहीची स्टँडिंग ऑर्डर हवी. इतकं रक्त आणि इतकी नाडी झाली की ड्यूटीवरच्या सिस्टरनं ही औषधं या डोसमध्ये सुरू करावीत, वेळ लिहावी आणि डॉक्टरांना बोलवावं. खुलाशाच्या शेवटी मी हेच मागणार आहे. तो माफीचा कागद होणार नाही.

कारण मला झोप लागत नाही ती त्या पत्रामुळे नाही. पत्राचं काय व्हायचं ते होईल, वेतनवाढ अडेल फार तर. मला प्रणालीनं घाबरवलं. नोटीस आल्यानंतरच्या आठवड्यात तिच्या ड्यूटीला तसाच प्रसंग आला, आणि मी पोचले तेव्हा ती सिरिंज भरून हातात घेऊन उभी होती. मसाज करत होती, नाडी बघत होती, सगळं बरोबर, पण सुई लावत नव्हती. मला म्हणाली, ‘सिस्टर, तुमचं बघितलं ना, म्हणून.’ बाई सुखरूप आहे, साहेब लगेच आले. पण त्या मुलीचा हात, वसू! किती हुशार मुलगी, मी स्वतः शिकवलेली. एका कागदानं तिला थांबायला शिकवलं. आणि ती एकटी नाही, त्या नोटिशीबद्दल तालुक्यातल्या प्रत्येक लेबर रूममध्ये एव्हाना बोलणं झालंय. महाराष्ट्रात २०१८-२० ला एक लाख जन्मांमागे ३३ माता गेल्या, केरळनंतर सगळ्यात कमी. हे कुणाच्या हातांनी झालं? मग तेच हात का बांधायचे?

तुझ्या वर्गातल्या मुलींना तू काय सांगतेस? खरंच विचारते, भांडायला नाही. ‘आधी ऑर्डर’ असंच सांगतेस का अजून? तू असं सांगत असशील तर मला कळव, कारण तुझं म्हणणं मी खुलाशात खोडून काढायचा प्रयत्न करीन, आणि तुझ्याइतकं घट्ट उलट बोलणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तू बदलली असशील तर तेही कळव.

पूर्वाची बारावी कशी चाललीय? तिला सांग, मावशी म्हणते की नर्सिंगला ये म्हणणार नाही आणि नको म्हणूनही सांगणार नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? फिजिओला दांडी मारू देऊ नकोस त्यांना. भावजींना नमस्कार. तुझ्या नव्या घराचे फोटो मिळाले, ओटा उंच वाटतो तुझ्यासाठी, खरं सांगायचं तर.

खुलासा सोमवारी ऑफिसात द्यायचाय. झेरॉक्स तोवर पोस्टानं येणार नाहीत, तेव्हा फोनवर फोटो काढून पाठव, मी इथे प्रिंट काढते. या कागदाचाही फोटो काढून तुला आत्ताच धाडते, मूळ पत्र येईल तेव्हा येईल. पहिला परिच्छेद तू लिहून दे, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे, पुढचं मी लिहिते. रजिस्टरातल्या वेळेला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. या आठवड्यात माझी नाइट आहे. दुपारी चारनंतर फोन कर, तोवर झोपलेली असते.

तुझीच,
सुमन