शांती आपल्याकडून सुरू व्हावी

महोदय,

नाताळात आपण शांतीचे संदेश पाठवतो, पण शेजाऱ्याशी अबोला कायम ठेवतो. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात संत पौल सांगतो, की आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहावे. त्यात समोरच्याच्या वागण्याचा हिशेब नाही.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी हे जगून दाखवले. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि 10 व 6 वर्षांची मुले गाडीत झोपली असताना जिवंत जाळली गेली. तरी त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारिपदा येथेच राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. (कायद्याने आपले काम केलेच, क्षमा त्याच्या आड आली नाही.)

त्यापुढे आपले तंटे किती किरकोळ! कुंपणाची फूटभर जागा, पार्किंग, स्पीकरचा आवाज. आमच्या वसईत जमिनीवरून कोर्टात भांडणारे भाऊ रविवारी चर्चमध्ये एकाच मिस्साला (उपासनेला) येतात आणि शांतीचे अभिवादन करताना एकमेकांकडे पाठ फिरवतात. हे मला फार सलते. ईस्टरपूर्वीच्या येत्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक समुदायात) ज्येष्ठांनी अशा दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई