दिमडीलाही मैफल मिळू द्या

संपादक महोदय,

चंपाषष्ठीला ओझरच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्याची दिमडी ऐकली. वीतभर लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे आणि हाताची बोटे. एवढ्यावर जागरणाची रात्र उभी राहते. दक्षिणेचा कंजिरा तिचाच भाऊबंद. तोही मुळात भजनातला. पुदुक्कोट्टईच्या मामुंडिया पिळ्ळै यांनी त्याला कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसवले आणि पुढे 'शक्ती' या फ्यूजन वाद्यवृंदातून सेल्वगणेश यांनी जगभर नेले. आयर्लंडचा बोधरानही १९६० च्या दशकात असाच गावातून रंगमंचावर आला. पश्चिम आफ्रिकेचे जेंबे आज आपली मुले हौसेने शिकतात, याचा आनंदच आहे. पण दिमडी त्यांना ओळखूही येत नाही, हे मनाला लागते.

पूर्वी दिमडीला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, ते योग्यच. मात्र त्या नादाजवळ जाणारे दुसरे पान, म्हणजे कड्यावर ताणायचा पडदा, वाघ्यांनी एकट्यानेच का शोधायचे? वाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी, संगीत विद्यालयांनी त्यात हात घालावा. आणि कालिदास कलामंदिरात वर्षातून एक संध्याकाळ वाघ्या-मुरळींना, योग्य मानधन देऊन, सन्मानाने बोलवावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक