टेलिफोनचे लाइनमन काकाजींना, रिटायरमेंटच्या निमित्ताने

काकाजी, सादर नमस्कार.

तुम्ही रिटायर झाल्याचं मला दर्यापूरच्या बसस्टँडवर कळलं. निरोप समारंभ झाला असेल, शाल-श्रीफळ मिळालं असेल. मला यायला जमलं नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमचं काम कुठवर पोचलं हे तुमच्या खात्यात कुणाला माहीत असायचं कारण नाही.

आईच्या आजारपणात मी पुणं सोडून गावी आले, तेव्हा वेब सर्व्हिसेसच्या स्टँडर्डवर काम करत होते. एका संस्थेच्या संगणकाला दुसरीच्या संगणकाकडून काही हवं असेल, तर ते कोणत्या साच्यात मागायचं आणि उत्तर कोणत्या साच्यात यायचं, हे ठरवायचं काम. ते ठरवायला समित्या असतात. सभासद अमेरिकेत, युरोपात, जपानात. बैठक टेलिफोनवर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजले की. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेदहा. नेमकी त्याच वेळी आपल्याकडे लोडशेडिंग.

गाव अंधारात असलं तरी फोन चालायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून तारेवरूनच येते. हे मला तुम्हीच सांगितलंत आणि कॉर्डलेस काढून जुना काळा फोन बसवून दिलात. त्याला म्यूटचं बटण नव्हतं. शेजारचं कुत्रं त्यामुळे समितीतल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं.

आपली खारपाणपट्ट्यातली काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि जमिनीतल्या केबलचे जॉइंट ओढून काढते. पहिल्या पावसानंतर लाइन जाणार हे ठरलेलंच. तुम्ही खड्डा खणून, चिखलात बसून जॉइंट मारायचे आणि तिथूनच मला फोन लावायचे: "बाई, तुमचं मले आयकू येते. माहं तुमाले येते का?" मी हो म्हटलं, तरी एक्स्चेंजवर जाऊन पुन्हा एकदा लावायचे. एकदा मी म्हटलं, झालं ना काकाजी, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "एका बाजूनं आयकू आलं म्हंजे अर्धीच लाइन झाली."

माझ्या क्षेत्रातली पंचाईत अगदी हीच होती. संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या सोप नावाच्या पद्धतीचा १.१ मसुदा २००० साली आला. त्यावरून प्रत्येक कंपनीने आपापलं सॉफ्टवेअर बनवलं आणि प्रत्येकीचं स्वतःशी उत्तम जमलं. दुसरीशी बोलायची वेळ आली की तारखा, याद्या, रिकाम्या जागा यांवर अडायचं. मसुदा सगळ्यांनी वाचलेला, पण अर्थ प्रत्येकाचा वेगळा. शेवटी २००२ मध्ये डब्ल्यूएस-आय नावाची वेगळी संघटनाच काढावी लागली. आधीच्या स्टँडर्डमधलं काय वापरायचं आणि काय टाळायचं, एवढंच सांगायला. डेटा गुंडाळायची सोपची स्वतःची पद्धत तिने चक्क बाद केली. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने सोप १.२ वर २००३ साली शिक्कामोर्तब केलं.

मग राजकारण. निरोप हरवू नये, दोनदा पोचू नये, क्रमाने पोचावा, एवढ्याशा गोष्टीसाठी कंपन्यांच्या दोन गटांनी दोन वेगळे मसुदे आणले. ओएसिस या एकाच संस्थेने पहिला २००४ मध्ये मंजूर केला आणि दुसरा २००७ मध्ये. जगभरच्या सेवांची यूडीडीआय नावाची सार्वजनिक नोंदवही मोठ्या थाटात सुरू झाली होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपने ती २००६ च्या सुरुवातीला बंद केली. माझं स्पष्ट मत आहे की त्या ढिगातलं निम्मं लिहिलंच नसतं तरी चाललं असतं. रॉय फील्डिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००० सालीच आपल्या प्रबंधात वेबच्या मूळ रचनेवर भागवण्याचा रस्ता मांडला होता. लोक पुढे बहुतेक त्याच वाटेने गेले.

त्या रात्री तरी वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. प्रमोशनच्या अर्जात समितीच्या कामाला रकाना नसतो. तिथे पेपर मोजतात. वाक्यातला एक शब्द बदलायला घालवलेले महिने कोण मोजणार? पण तुमची ती टेस्ट मी समितीत उचलून धरली. कुठलाही नियम आला की विचारायचे, हा दोन अनोळखी टीमनी आपापला लिहून, एकमेकांकडे निरोप पाठवून पाहिलाय का? दोन्हीकडून? पुष्कळदा उत्तर नाही असंच यायचं आणि बैठक लांबायची. माझ्यावर वैतागलेल्यांची संख्या बरीच आहे, त्यात तुमचाही वाटा धरा.

अजून एक गंमत, जी तुम्हाला कुणी सांगितली नसेल. ब्रॉडबँड आल्यावर तुम्ही घरोघरी मॉडेम लावलेत. कंपनीला आपल्या ऑफिसातून मॉडेमची सेटिंग बदलता यावीत म्हणून डीएसएल फोरम या ब्रॉडबँडवाल्या कंपन्यांच्या संघटनेने २००४ मध्ये टीआर-०६९ नावाचा नियम केला. तो चालतो सोपवरच. तो पाळणारं मॉडेम सुरू झालं की वरच्या सर्व्हरला 'मी आलोय' असा निरोप पाठवतं आणि उलट उत्तराची वाट बघतं. आमचं भांडण तुम्ही खिळे ठोकून लोकांच्या भिंतीवर लावत होता, काकाजी!

तुमचा नातू डिप्लोमा करतोय आणि सोप शिकू का विचारत होता. त्याला म्हणावं, आधी एचटीटीपी (वेबवर निरोप नेण्याचा नियम) आणि जेसन (डेटा लिहायचा साधा साचा) नीट समजून घे. बँकेत किंवा विम्याच्या जुन्या सिस्टिमवर काम मिळालं तर सोप आठवडाभरात जमेल. रविवारी त्याला घेऊन या. एखादं जुनं मॉडेम असेल तर तेही आणा, उघडून बघू. आईही तुमची चौकशी करते.

आणि आमच्या मागच्या खांबावरच्या डब्याचं झाकण पडलंय. तुमच्या जागी आलेल्या पोराला पावसाआधी तेवढं सांगून ठेवा.

तुमच्या लाइनवरची,
मास्तरांची थोरली