मोल्सवर्थ : गावावरून पडलेले आडनाव

माननीय संपादक,

मराठी-इंग्रजी कोशामुळे (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मोल्सवर्थ हे नाव आपल्या घराघरांत आहे, पण इंग्लंडमध्ये हे आडनाव विरळच. त्यातला ‘मोल’ म्हणजे जमीन उकरणारा प्राणी आणि ‘वर्थ’ म्हणजे किंमत, अशी फोड केली जाते. ती चूक आहे. मोल्सवर्थ हे मूळ इंग्लंडमधल्या हंटिंग्डनशर या जुन्या परगण्यातले छोटे गाव. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडमधल्या जमिनींच्या पाहणीत) ते ‘मोल्सवर्ड’ असे येते, तर प्राण्याचे ‘मोल’ हे नाव इंग्रजीत त्यानंतर बऱ्याच काळाने रुळले. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. म्हणजे मूल नावाच्या माणसाची वाडी. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडतात, तिथे गावाचेच नाव आडनाव झाले.

या घराण्याची एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेन्कॅरो येथे गेली (बॅरोनेट ही पदवी, १६८९), दुसरी आयर्लंडमध्ये (व्हायकाउंट ही पदवी, १७१६). न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधला मोल्सवर्थ रस्ता मात्र राजकारणी सर विल्यम मोल्सवर्थ यांच्या सन्मानार्थ आहे; रस्त्यांची नावे मोजून वंशाचा नकाशा काढू नये.

या आडनावाचा शोध घेणाऱ्याने इंग्लंडची १८८१ ची जनगणना घ्यावी, आणि नुसती डोकी न मोजता त्या परगण्याच्या लोकसंख्येशी प्रमाण काढावे, नाहीतर प्रत्येक आडनाव लंडनचेच वाटते. मग १८३७ पासूनची जन्म-मृत्यू नोंदणी आणि त्याआधीची चर्चची दप्तरे पाहत मागे जावे. ‘मोल्सवर्थ’, ‘मोलेसवर्थ’, ‘मोल्डसवर्थ’ सगळी रूपे तपासावीत. पण चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ हे वेगळे गाव आहे, तिथे गल्लत होते. आयर्लंडची बरीच दप्तरे १९२२ मध्ये जळाली, त्यामुळे तिथला धागा अनेकदा तुटतो.

– एक वाचक, पुणे