विषय: "सगळ्या ट्रॅक्टरला बसतं" म्हणून विकलेलं स्लॅशर आणि तुम्हीच घालवलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

नमस्कार. मी देवगड तालुक्यातला आंबा-काजू बागायतदार. तुमचं चार फुटी गवत कापायचं स्लॅशर मी यंदा पाऊस ओसरल्यावर मागवलं, पैसे आधी भरले, माल नांदगाव तिठ्यावर ट्रान्सपोर्टने आला, बिलाची झेरॉक्स सोबत जोडलीय. फोनवर बोलून आता कंटाळा आलाय, प्रत्येक वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि पहिल्यापासून विचारतो "सर ट्रॅक्टर कोणता?" म्हणून आता लेखी देतोय, एकदाच नीट वाचा.

तर ट्रॅक्टर कोणता. करड्या रंगाचा जुना फर्ग्युसन, टीई-20 मॉडेल, डिझेल, साधारण 26 एचपी. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला 1946 ते 1956 या काळात हे पाच लाखाच्या वर बनले, त्यातला एक कोल्हापूरकडच्या एका ऊसवाल्याकडून आमच्या आजोबांनी घेतला, तो अजून चालतोय. ऑर्डर देताना तुमच्या सेल्सच्या माणसाला मी हे सगळं सांगितलेलं, फोटोपण टाकलेले, मागच्या बाजूचे सुद्धा, जिथे अवजार जोडायच्या लिंक आणि पीटीओ, म्हणजे इंजिनच्या जोरावर अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, दिसतो. त्यावर उत्तर आलं, "नो प्रॉब्लेम सर, आपलं मशीन जुन्या नव्या सगळ्या ट्रॅक्टरला बसतं." आणि जाहिरातीतही मोठ्या अक्षरात तेच छापलंय. हा मेसेज माझ्याकडे आहे. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालंय म्हणून ते आधी लिहिलं.

मशीन उतरवलं तेव्हाच आमच्याकडच्या गड्याने एक नजर टाकून सांगितलं, "दादानू, ह्या काय बसाचा नाय." तुमच्या खालच्या दोन पिना फ्रेमला वेल्डिंग करून पक्क्या केलेल्या, जाडी 28 मिमी. आमच्या लोअर लिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या दोन दांड्यांच्या, बॉलचं भोक 22 मिमीचं, म्हणजे सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). 22 च्या भोकात 28 ची पिन घण घातला तरी जाणार नाही. हे दोन वेगळे साइज आहेत, 22 वाला कॅटेगरी एक आणि 28 वाला कॅटेगरी दोन, लहान ट्रॅक्टरला पहिला आणि मोठ्याला दुसरा, ही काय गुपित गोष्ट नाही, अवजारं बनवणाऱ्या कोणालाही झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. चार फुटाच्या स्लॅशरला 28 ची पिन कशाला लागते हे मला तरी कळलेलं नाही, मला वाटतं तुम्ही मोठ्या मशीनची फ्रेम कापून लहान केलीत आणि पिना तशाच ठेवल्यात.

बरं नुसती जाडी असती तर एक वेळ चाललं असतं, दोन पिनांमधलं अंतरसुद्धा 825 मिमी. आमच्या ट्रॅक्टरला लागतं 683 च्या आसपास. दोन्ही दांडे ओढून बाहेर आणायला गेलो तर बाजूच्या चेन आधीच ताठ होतात, आणि चेन सोडल्या तर दांडा टायरला घासतो. फर्ग्युसनबरोबर जो मूळ पाना यायचा त्याच्यावर इंचाच्या खुणा असतात, आजोबांच्या वेळचा तो पाना अजून टूलबॉक्समध्ये आहे, त्याने मोजून फोटो पाठवले तुम्हाला. तुमच्या कॅटलॉगमध्ये मशीनचा रंग दिलाय, ब्लेडची संख्या दिलीय, हसरा शेतकरी दिलाय, पण पिनेची जाडी नाही, रुंदी नाही, शाफ्टचा साइज नाही. पिनेची जाडी छापायला किती जागा लागते हो?

सर्व्हिसवाल्याने सांगितलं, "सर ट्रॅक्टरचे बॉल बदलून घ्या." अहो ते बॉल दांड्याच्या तोंडात दाबून बसवलेले असतात, ते काय बल्ब आहेत का फिरवून काढायला. मग दुसऱ्याने सांगितलं की लोकल लेथवर पिना करून घ्या, काय हरकत नाही. हापण मेसेज आहे. म्हणून कणकवलीला नेऊन जुन्या पिना कापल्या, आतल्या बाजूला नवीन पट्ट्या वेल्डिंग केल्या, 22 च्या पिना बसवल्या. वरच्या टॉप लिंकला तुमचं भोक 25 चं आणि आमची पिन 19 ची, ती आत खुळखुळत होती, तिथे बुश घातला. टेम्पोचं भाडं, लेथचं बिल, वेल्डिंग, सगळ्याच्या पावत्या सोबत आहेत.

ज्याने कधी जुन्या ट्रॅक्टरला अवजार जोडलं नाही त्याला वाटेल की एवढं झालं की संपलं. सपाट सिमेंटच्या कोब्यावर कदाचित संपत असेल. आमच्याकडे सगळा उताराचा कातळ आणि मधे मधे माती. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, डावा दांडा आधी घालायचा, तो गेला की उजवा दोन बोटं लांब राहतो, मग उजव्या बाजूच्या लेव्हलिंगच्या हँडलने तो खालीवर करायचा, तेवढ्यात उतारावर मशीन जरासं सरकतं की डावा निघून येतो. दोनशे किलोच्या वर वजन, हाताने हलत नाही, एकाने पहार लावून उचलायचं, दुसऱ्याने खाली चिरा सरकवायचा आणि तिसऱ्याने त्याच क्षणाला पिन ढकलून लॉक घालायचं, आणि बोटं कुठे आहेत ते ज्याचं त्याने बघायचं. हे आम्ही करतो, त्याबद्दल तक्रार नाही, जुनी गाडी ठेवलीय म्हटल्यावर हे आलंच. पण फ्रेमला पुढे दोन पाय दिले असते तर मशीन सरळ उभं राहिलं असतं आणि निम्मा त्रास वाचला असता, तेवढं लोखंड तुम्ही का वाचवलं ते तुम्हालाच माहीत.

आता पीटीओ. तुमचा शाफ्ट आहे एक इंच तीन सूत, सहा दात्यांचा. आमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ पण सहा दात्यांचा पण एक इंच एक सूत. दोन सुताचा फरक. परत फोन. यावेळी तुमच्या माणसाने स्वतःहून सांगितलं की अडॅप्टर स्लीव्ह लावा, तो बाजारात मिळतो, आणि कुठला घ्यायचा त्याचा फोटोपण पाठवला. घेतला, लावला. पण अडॅप्टर लावला की पीटीओ तेवढा बाहेर येतो आणि मधलं अंतर कमी होतं, म्हणजे तुमचा सरकता शाफ्ट तेवढा कापून छोटा करायला हवा, हे त्याने सांगितलं नाही आणि तुमच्या पुस्तकात पण शाफ्ट कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती लांब लागतो याबद्दल एक ओळ नाही. पहिल्यांदा मशीन उचललं तेव्हाच शाफ्ट आतमध्ये पूर्ण बसून ठोकला आणि तुमच्या गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल गळायला लागलं.

आणि यावर तुमचं उत्तर काय तर "सर तुम्ही पिना बदलल्यात आणि अडॅप्टर लावलात, मॉडिफिकेशन केल्यामुळे वॉरंटी लागू नाही." म्हणजे जसं पाठवलं तसं ते बसत नाही, आणि तुमच्याच सांगण्याने बसवलं तर वॉरंटी जाते. मग ही वॉरंटी नक्की कोणासाठी आहे, मशीन विकत घेऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवणाऱ्यासाठी?

सील मी स्वतः बदलून घेतलं कारण गवत थांबत नाही. आमच्याकडे सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत पावसानंतर कमरेएवढं असतं, ते वेळेत कापलं नाही तर पुढे वाळतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी विडी टाकली की अख्खी कलमं होरपळतात, दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतोच. माणसं मिळत नाहीत, खांद्यावरच्या कटरने एवढं क्षेत्र होत नाही, म्हणून तर हे मशीन घेतलं.

पण खरी गोष्ट पुढे झाली आणि ती लिहायलाच पाहिजे, कारण पैशाचं नंतर बघू, उद्या दुसऱ्या कोणाचा पाय जाऊ नये. माझा चुलत भाऊ कलमांच्या दोन ओळींमधून खाली उताराला कापत येत होता, पहिल्या गिअरमध्ये, पुढे गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, आला म्हणून त्याने क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. क्लच पूर्ण खाली, ब्रेकवर पाय, आणि तरी मागून कोणीतरी ढकलत असल्यासारखा पुढे जात राहिला आणि गडग्याला जाऊन लागला, वरचे चिरे खाली आले, समोरची जाळी चेपली. भावाला लागलं नाही हे नशीब.

का झालं ते सांगतो, कारण तुमच्या इंजिनिअरला हे माहीत असायला हवं होतं. या जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ गिअरबॉक्सला जोडलेला असतो, वेगळा क्लच नाही. क्लच दाबला की इंजिन सुटतं पण खाली फिरणारी जड ब्लेडं लगेच थांबत नाहीत, त्यांचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि तिथून मागच्या चाकांना. म्हणजे ट्रॅक्टर मशीनला चालवण्याऐवजी मशीन ट्रॅक्टरला चालवतं. याच्यावर उपाय आहे, ओव्हररन क्लच, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एका बाजूने जोर जातो आणि उलट्या बाजूने नुसता कटकट फिरतो. तो अडॅप्टरबरोबर एकाच तुकड्यात पण मिळतो. तुमच्या माणसाने मला अडॅप्टरचा फोटो पाठवला तेव्हा हा एक शब्द बोलायचा होता, जुन्या ट्रॅक्टरला स्लॅशर विकताना ही पहिली गोष्ट सांगायची असते.

दुसरं म्हणजे या ट्रॅक्टरचा हायड्रोलिकचा पंपसुद्धा पीटीओवरच चालतो. पीटीओ बंद केला की लिफ्ट उचलत नाही. म्हणजे एखादा दगड किंवा मूळ चुकवायला मशीन वर घ्यायचं तर ब्लेडं फिरती ठेवूनच वर घ्यावी लागतात. आणि पोझिशन कंट्रोल नाही, लिव्हर मधे ठेवून मशीन जमिनीपासून अमुक इंचावर अडकवून ठेवता येत नाही, ते नांगरासाठी बनवलंय, जमिनीच्या ओढीवर खालीवर होतं. अशा ट्रॅक्टरला स्लॅशर लावायचं तर मागे चाक लागतं किंवा उंची धरून ठेवायला चेन लागतात. तुमच्या जाहिरातीतल्या फोटोत मागे चाक आहे. मला आलेल्या मशीनला नाही. विचारलं तर म्हणे ते ऑप्शनल आहे. मग फोटोत कशाला लावलंय?

तुमच्या एका साहेबांनी मला ऐकवलं की "असला ट्रॅक्टर आता कोण वापरतं, नवीन घ्या." त्यांना एवढंच सांगा की तुमच्या मशीनला पुढे जोडायच्या ज्या तीन जागा आहेत, खाली दोन वर एक, ती तीन पॉइंटची जोडणी हॅरी फर्ग्युसन या माणसानेच आणली, आणि आज जगभरचे ट्रॅक्टर त्याच पद्धतीवर चालतात. त्या काळच्या लोकांनी गिअरचा दांडा 'एस' कडे ढकलल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही अशी सोय केली, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना चुकून सुरू व्हायलाच नको. एवढा विचार तेव्हा झाला, आणि तुम्हाला आज एका पानावर चार मापं छापता येत नाहीत.

आता मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. एक तर मशीन तुमच्या खर्चाने परत न्या आणि पूर्ण पैसे द्या, लेथ, वेल्डिंग, टेम्पो आणि सीलच्या पावत्यांसकट. नाहीतर मागचं चाक आणि ओव्हररन क्लच फुकट पाठवा, शाफ्ट योग्य मापाचा द्या आणि वॉरंटी चालू असल्याचं लेखी द्या, तोंडी नको, तोंडी खूप ऐकलं. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी "सगळ्या ट्रॅक्टरला बसतं" हे जाहिरातीतून काढा आणि त्याच्या जागी पिना 22 च्या की 28 च्या, रुंदी किती, पीटीओ एक इंच एक सूत की तीन सूत, आणि ज्या ट्रॅक्टरला पीटीओचा वेगळा क्लच नाही त्याला ओव्हररन लावल्याशिवाय चालवू नये, हे मराठीत छापा, मशीनवर स्टिकरपण लावा.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय, पोच मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबेन. त्यानंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार आणि 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार लावणार, तुमच्या गावी यायची मला गरज नाही. मेसेज, फोटो, पावत्या सगळं तारखेप्रमाणे लावून ठेवलंय.

मशीन न्यायला गाडी पाठवणार असाल तर मोठी पाठवू नका, आमच्या पाणंदीत छोटा टेम्पोच वळतो, आणि उतरवायला तुमची दोन माणसं बरोबर द्या. फोन लागला नाही तर व्हॉट्सअपवर टाकून ठेवा, रेंज फक्त सड्यावर येते, संध्याकाळी वर गेलो की बघतो.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता आणि बिल नंबर सोबतच्या कागदावर)